पीएलसीसाठी स्टॅटिक आयपीचं सिम की व्हीपीएन राउटर?
सातपूरचा पॅनेलवाला मित्र अडलाय: दिंडोरीच्या पंपहाउसमधला पीएलसी (पंप चालवणारा कंट्रोलर) ऑफिसात बसून प्रोग्राम करायचाय.

स्टॅटिक आयपीच्या (इंटरनेटवर कायम एकच पत्ता असलेल्या) सिमला पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी पीएलसीकडे वळवली, की काम झालं. पण पोर्ट साऱ्या जगाला उघडं. पीएलसीशी बोलायच्या मॉडबस टीसीपी या भाषेच्या ५०२ पोर्टवर पासवर्ड नसतोच, कुणीही पंप चालू करेल. मला हे अजिबात पटत नाही.

व्हीपीएन (इंटरनेटवरची खासगी, बंद वाट) राउटर महाग, सर्व्हरही लागतो. मात्र जोडणी राउटरच आतून बाहेर सर्व्हरकडे करतो, म्हणून साधं सिम चालतं.

रेंज दोन्हीकडे सारखीच. अँटेना लोखंडी पॅनेलबाहेर काढा. पीएलसीत प्रोग्राम डाउनलोड करताना त्याचा सीपीयू थांबू शकतो, तेव्हा साइटवर माणूस हवाच.

प्रोग्रामिंगला व्हीपीएनच. स्टॅटिक आयपी तेव्हाच, जेव्हा फायरवॉलमध्ये फक्त ऑफिसचा आयपी आत सोडता येतो.