व्हेंटवर सोफा येतोय: सोफा सरकवावा, डिफ्लेक्टर लावावा की व्हेंटच हलवावा?

काही घरांत फर्नेस, म्हणजे हवा तापवणारी भट्टी, ब्लोअरच्या (पंख्याच्या) जोरावर डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळ्यांतून, खोल्यांत गरम हवा सोडते. त्या नळीचं जाळी लावलेलं तोंड म्हणजे व्हेंट. त्यावर सोफा येत असेल तर आधी ब्लोअर चालू असताना जाळीपाशी टिश्यू पेपरचा तुकडा धरा. कागद फडफडून दूर गेला तर ती गरम हवा सोडणारी, म्हणजे सप्लायची जाळी. कागद जाळीलाच चिकटून बसला तर ती रिटर्नची, खोलीतली हवा परत फर्नेसकडे ओढणारी. फर्निचर कुठे ठेवायचं ते यावरच ठरतं. सप्लायपुढे थोडीफार तडजोड चालते, रिटर्नपुढे चालत नाही.

रिटर्नचं आधी उरकून घेऊ. या जाळ्या मोजक्याच असतात, पुष्कळ घरांत एखाददुसरीच, आणि सगळ्या घराची हवा त्यांतूनच परत जाते. अशा जाळीला पुस्तकांचं कपाट टेकवलं की फर्नेसमधून पुरेशी हवा वाहत नाही, हीट एक्स्चेंजर (हवेला उष्णता देणारा भाग) प्रमाणाबाहेर तापतो आणि लिमिट स्विच (जास्त तापल्यावर तोडणारा सुरक्षा स्विच) बर्नर बंद करतो. जरा निवलं की बर्नर पुन्हा पेटतो, पुन्हा बंद पडतो. दुरुस्तीला माणूस बोलवायच्या आधी कपाट हलवून बघावं. फूटभर तरी मोकळी जागा सोडा, आणि फिल्टर त्याच जाळीमागे असेल तर तिचं झाकण पूर्ण उघडेल इतकी. हवा वळवणारा डिफ्लेक्टर, ती पुढे नेणारा एक्स्टेंडर यांचा इथे काही उपयोग नाही.

आता सप्लाय.

फर्निचर सरकवणं. फुकटचा उपाय, आणि आमच्या मते दहातल्या आठ खोल्यांत हाच पुरतो. जमिनीतला व्हेंट बहुतेक वेळा खिडकीखाली असतो, आणि तो तिथे मुद्दाम दिलेला असतो: काचेवरून गार हवा खाली उतरते, तिला तिथल्या तिथे वर जाणारी गरम हवा भेटावी म्हणून. त्यामुळे सोफा भिंतीपासून 20 ते 30 सेंमी पुढे ओढला आणि जाळी पाठीमागे उघडी राहिली तरी काम होतं. अख्खी भिंत रिकामी करायची गरज नाही. फक्त पडदा जमिनीपर्यंत लोळणारा नको. तो जाळीच्या पुढे आला की सगळी ऊब पडदा आणि काच यांच्या मधेच अडकते.

सोफा जाळीच्या वरच ठेवायचा असेल तर पाय बघा. जाळीचं भोक समजा 10 बाय 25 सेंमी, म्हणजे 250 चौ. सेंमी. 180 सेंमी लांब सोफ्याला 10 सेंमीचे पाय असतील तर नुसत्या पुढच्या बाजूची फटच 1800 चौ. सेंमी भरते. म्हणजे हवा कोंडत नाही. पण ती बुडाला आपटते, तिचा जोर मोडतो आणि खोलीआधी सोफा तापतो. तळ जमिनीला टेकलेला बॉक्सचा पलंग मात्र जाळीला सरळ झाकणच घालतो.

डिफ्लेक्टर. प्लॅस्टिकची वाकवलेली पट्टी. वर येणारी हवा आडवी वळवते. पडद्यासाठी किंवा शेजारच्या लाकडी कपाटासाठी झकास. लाकडावर सतत कोरडी गरम हवा आली की ते आकसतं, सांधे सैल होतात, व्हिनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) उचकटतं. पट्टी ती हवा दुसरीकडे पाठवते. सोफ्याच्या पोटाखाली लावली तर फारसा फरक पडत नाही, हवा तिथेच घुटमळते. बसवताना दोन घोटाळे होतात. पट्टीतली चुंबकं फक्त पोलादी जाळीला धरतात. ॲल्युमिनियम किंवा लाकडी जाळी असेल तर स्क्रू लागतात (दुतर्फी टेप उष्णतेने हळूहळू सुटते). दुसरं, पट्टीचं तोंड थर्मोस्टॅटकडे नको. त्याला गरम हवा लागली की घर तापायच्या आधीच तो फर्नेस बंद करतो.

एक्स्टेंडर. सोफ्याखालून जाणारी चपटी नळी, पुढच्या कडेपर्यंत ओढता येते. सोफा हलवायला जागाच नसेल तर घ्या, पण हिशेब करून. नळीचं तोंड समजा 28 बाय 4 सेंमी, म्हणजे 112 चौ. सेंमी; भोकाच्या निम्म्याहून कमी. जाळीच्या पट्ट्यांनी अडवलेली जागा वजा धरली तरी नळीचं तोंड लहानच पडतं. हवा घटते, सूंऽऽ असा आवाज येतो. एका व्हेंटला चालून जाईल. चार खोल्यांत लावलं तर रिटर्न अडवल्याचेच परिणाम सुरू होतात. फर्नेसऐवजी हीट पंप (बाहेरची उष्णता घरात आणणारं यंत्र) असेल तर आणखी जपा: त्याची हवा गॅस फर्नेसच्या हवेइतकी गरम नसते, म्हणून ऊब पोचवायला ती जास्त लागते. जाळीशी जोड नीट बसवा, नाहीतर अर्धी हवा मागेच गळते. नळीत धूळही साचते.

व्हेंट हलवणं. जाळीवर कायमचं, न हलणारं काही येणार असेल आणि खालून डक्टपर्यंत हात पोचत असेल तरच. त्याच दोन तुळयांमधल्या गाळ्यात भोक पुढेमागे करणं सोपं. तुळई ओलांडायची तर कामाचा पसारा बराच वाढतो. सांध्यांना मॅस्टिक (फटी बुजवणारं लुकण) किंवा फॉइल टेप लावा, कापडी डक्ट टेप वाळून सुटते. स्वयंपाकघरातल्या कपाटाखाली व्हेंट येत असेल तर तो हलवायचीही गरज नसते, कपाटाच्या पायथ्याच्या फळीत जाळी काढता येते. पण भोकापासून त्या जाळीपर्यंत बंद डक्ट जोडायला हवा. तो राहून जातो, मग गरम हवा कपाटाखालच्या पोकळीत भरते आणि पुढे झुळूकभरच येते.

हे सगळं डक्टमधून येणाऱ्या हवेपुरतं. भिंतीच्या पायथ्याचा इलेक्ट्रिक बेसबोर्ड हीटर असेल तर त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं अंतर पाळा. त्याच्यावर पडदा किंवा प्लॅस्टिकची पट्टी आली तर आग लागू शकते.