सहा शौर्यपदकांची फ्रेम : धातू चालेल, फीत बदला, तक्ता वापरू नका

१५ ऑगस्ट आणि गणपतीचे दिवस जवळ आले की इंदूरच्या खजुरी बाजारात ट्रॉफीवाल्यांकडे देशभक्तीच्या वस्तू दिसू लागतात. त्यातली एक फ्रेम सध्या बऱ्याच ठिकाणी पाहायला मिळते. काचेआड निळी मखमल, वर मध्यभागी परमवीर चक्राची प्रतिकृती, खाली इतर पाच शौर्यपदकं, आणि सोबत गुंडाळी करून दिलेला ‘परमवीरांचा तक्ता’. आकार १८ बाय १२ इंच, सांगायची किंमत २,४५० रुपये, जरा थांबलात तर २,२००. मंडळं ती देखाव्यासाठी नेतात, शाळा ग्रंथालयात लावतात. दुकानाचं नाव देण्याचं कारण नाही, कारण माल बहुधा एकाच ठिकाणाहून येतो आणि चार दुकानांत तोच मिळतो.

आधी चांगलं. चौकट सरळ आहे, कोपरे बसलेले आहेत, मागची पाटी खिळ्यांनी न ठोकता पत्र्याच्या पात्यांनी अडवली आहे, म्हणजे उघडता येते. हा गुण पुढे कामाला येणार आहे. पदकांचा रंगही बरा आहे. परमवीर चक्र कांस्याचं असतं आणि प्रतिकृतीला तसाच गडद तपकिरी मुलामा दिलेला आहे. इथे अनेक गिऱ्हाईक दुकानदाराशी हुज्जत घालतात : सर्वांत मोठं पदक, मग ते सोनेरी का नाही? बाजूचं अशोक चक्र कसं झळकतंय! शाळेच्या स्पर्धांनी कांस्य म्हणजे तिसरा नंबर असं डोक्यात बसवलंय, त्याचा हा परिणाम. अशोक चक्राला सोन्याचा मुलामा, महावीर आणि वीर चक्र चांदीचे पंचकोनी तारे, कीर्ती चक्र चांदीचं, आणि परमवीर कांस्याचं, हेच बरोबर आहे. ब्रिटिशांचा व्हिक्टोरिया क्रॉसही कांस्याचाच. तेवढ्यापुरतं दुकानदाराला माफ करा.

घरी आणल्यावर पदकाला पितांबरी, चिंच किंवा लिंबू-मीठ लावू नका. आत जस्ताचा मिश्रधातू आहे आणि वर पातळ मुलामा. दोनदा घासलं की कडेने पांढुरकं दिसायला लागतं. कोरडं मऊ फडकं पुरे.

आता मोजमाप. परमवीर चक्राचा व्यास नियमात सव्वा इंच आणि वर एक अष्टमांश, म्हणजे ३४.९ मिलिमीटर ठरलेला आहे. फ्रेममधलं पदक व्हर्नियरने मोजलं तर ३८ भरतं. तीन मिलिमीटरने काय बिघडतं, असं म्हणता येईल आणि भिंतीवर लावायच्या वस्तूत ते चालूनही जाईल. चालत नाही ती फीत. खरी फीत सव्वा इंच रुंद, साध्या जांभळ्या रंगाची, एकही रेघ नाही. फ्रेममध्ये आहे ती इंचभर रुंदीची चकचकीत सॅटिन, पुष्पगुच्छाला बांधतात ती. रंग तर जांभळा सोडून किरमिजीकडे गेलेला. किरमिजी फीत व्हिक्टोरिया क्रॉसची. म्हणजे भारताच्या सर्वोच्च पदकाला या फ्रेममध्ये ब्रिटिशांच्या पदकाची फीत लागली आहे. गणवेशावर रोज पदक लावत नाहीत, नुसत्या फितींची पट्टी लावतात. जाणकार माणूस पदक फितीवरूनच ओळखतो, म्हणून ही चूक रंगाच्या छटेची म्हणून सोडून देता येत नाही.

बाकीच्या फिती बऱ्यापैकी जमल्या आहेत. महावीर चक्राची अर्धी पांढरी अर्धी नारिंगी, वीर चक्राची अर्धी गडद निळी अर्धी नारिंगी. हिरव्या फितींवर नारिंगी रेघा मोजा : अशोक चक्राला एक, कीर्ती चक्राला दोन, शौर्य चक्राला तीन. आम्ही पाहिलेल्या तीन फ्रेमपैकी एकीत कीर्ती आणि शौर्य यांची अदलाबदल होती. घेताना दुकानातच मोजून घ्या, नंतर कोण ऐकतो.

मांडणीचा क्रमही चुकला आहे. खालच्या ओळीत डावीकडून महावीर, वीर, अशोक, कीर्ती, शौर्य असं लावलंय, म्हणजे आधी युद्धाची आणि मग शांतताकाळाची. पदकं धारण करायचा सरकारी क्रम तसा नाही. परमवीरनंतर लगेच अशोक चक्र, मग महावीर, कीर्ती, वीर, शौर्य अशी जोडी-जोडीने उतरंड आहे (मध्ये पद्म आणि विशिष्ट सेवा पदकं येतात, ती या फ्रेममध्ये नाहीत). परमवीरच्या वर फक्त भारतरत्न.

चक्राचा दर्शनी भाग जवळून पाहा. मध्ये राजमुद्रा आणि तिच्याभोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती. दधीचींच्या अस्थींपासून केलेलं ते वज्र, त्यामुळे स्वतःचा देह देण्याचा अर्थ त्या नक्षीतच आहे. साचा उथळ असल्यामुळे या प्रतिकृतीत वज्रं तुळशीच्या मंजिरीसारखी दिसतात, आणि एकीत तर तीनच धड उठली होती. मागची बाजू पाहायला पाटी काढावी लागली. खऱ्या पदकावर मागे हिंदी आणि इंग्रजीत परमवीर चक्र असं उठावात लिहिलेलं असतं आणि दोन्ही लिप्यांच्या मध्ये दोन कमळं असतात. इथे मागे कोरी चकती. शिवाय खरं पदक आडव्या दांडीला फिरत्या जोडाने लटकतं, बोटाने वळवून मागची कमळं पाहता येतात. इथे दांडी आणि चकती एकसंध ओतलेली आहे.

नक्षी ज्यांनी केली त्या सावित्रीबाई खानोलकर. स्वित्झर्लंडमध्ये १९१३ साली जन्मलेल्या, सैन्याधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून इथल्या झालेल्या. संस्कृत आणि पुराणांचा त्यांचा अभ्यास होता, म्हणून दधीची. अशोक चक्र आणि महावीर चक्र यांचीही आखणी त्यांचीच. तक्त्यावर त्यांच्याबद्दल ‘रचना : सावित्रीबाई’ एवढंच छापलंय. मराठी घरात हे नाव वाचल्यावर कोण डोळ्यांसमोर येईल, ते सांगायला नको.

आणि आता तो तक्ता. फ्रेमचे पैसे वसूल होतील, तक्ता मात्र शाळेच्या भिंतीवर लावूच नका.

पहिलीच ओळ : ‘स्थापना १५ ऑगस्ट १९४७’. पदकाची स्थापना २६ जानेवारी १९५० ची. १५ ऑगस्ट १९४७ पासून ते मागील प्रभावाने लागू केलं, म्हणून ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला पडलेल्या मेजर सोमनाथ शर्मांना ते पहिलं मिळू शकलं. दोन्ही तारखा लागतात. एकच छापली की मुलं प्रश्नमंजूषेत हमखास चुकतात.

दुसरी ओळ : ‘युद्ध घोषित असताना सैनिकाला मिळते’. नियमात घोषित युद्धाची अट नाही. शब्द आहेत ते शत्रूसमोर, मग जमिनीवर, समुद्रात किंवा आकाशात, केलेल्या अतिशय उठून दिसणाऱ्या शौर्याचे किंवा आत्मत्यागाचे. म्हणूनच कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांना १९६१ च्या काँगोतल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेसाठी, बाना सिंग यांना १९८७ च्या सियाचीनसाठी आणि मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना त्याच वर्षीच्या श्रीलंकेतल्या कारवाईसाठी ते मिळालं. ‘सैनिकाला’ हाही शब्द अपुरा. तिन्ही दलांचे सर्व हुद्दे, राखीव दलं, प्रादेशिक सेना, शिवाय लष्करी रुग्णालयांच्या परिचारिका आणि सैन्याच्या हुकमाखाली काम करणारे नागरिक, पुरुष असोत की स्त्रिया, सगळे पात्र आहेत. प्रत्यक्षात आजवर मिळालं ते २१ जणांना, त्यातले २० भूदलाचे आणि एकच हवाई दलाचे, १९७१ मध्ये श्रीनगरवर झुंजलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों. स्त्रीला किंवा नौदलातल्या कुणाला अजून नाही.

‘शत्रूसमोर’ या अटीमुळे आणखी एक प्रश्न सुटतो, जो मराठी मुलं हटकून विचारतात : तुकाराम ओंबळेंना परमवीर का नाही? त्यांना अशोक चक्र दिलं गेलं, कारण ते रणांगणाबाहेरच्या शौर्याचं सर्वोच्च पदक आहे आणि पोलीस, नागरिक सगळ्यांना खुलं आहे. धारण करायच्या क्रमात ते परमवीरच्या लगेच खाली येतं, पण म्हणून ते शौर्य कमी ठरत नाही. रांग वेगळी.

तिसरी चूक नावांची. तक्त्यात २३ फोटो आहेत. जास्तीचे दोघे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, दोघांचंही शौर्य इटलीतलं, १९४४ आणि १९४५ चं, आणि दोघांनाही मिळाला तो व्हिक्टोरिया क्रॉस. मराठी गिऱ्हाइकाला खूश करायला कुणीतरी ते घुसवले असावेत. मराठा रेजिमेंटला परमवीर मिळालेला नाही, हे सांगायला जड जातं, पण खरं तेच. आकडा तपासायची सोपी खूण : २३ जानेवारी २०२३ ला अंदमान-निकोबारमधल्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली गेली. तक्त्यात २१ पेक्षा जास्त नावं दिसली की खुशाल परत करा.

गंमत म्हणजे जिथे मराठी वाचकाने खरंच थांबायला हवं तिथे तक्ता एका ओळीत पुढे जातो. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या दलाचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर ८ ते ११ तारखेपर्यंत सुरुंग काढणं, आडवी पाडलेली झाडं हटवणं, वाट करून देणं हे काम त्यांनी गोळीबारात, जखमी असताना केलं. रणगाड्याखाली सरपटत जाऊन दोरीने चालकाला इशारे दिले आणि सुरुंगांमधून तो पुढे नेला. शत्रूवर चालून न जाता रस्ता मोकळा करण्यासाठी मिळालेलं हे परमवीर आहे. राणे जिवंत परतले, १९९४ पर्यंत जगले.

हे मुद्दाम सांगितलं, कारण चौथी चूक हीच : प्रत्येक नावापुढे सरसकट ‘मरणोत्तर’. २१ पैकी १४ मरणोत्तर आहेत. करम सिंग, राणे, धनसिंग थापा, होशियार सिंग, बाना सिंग, योगेंद्र सिंग यादव आणि संजय कुमार या सात जणांना ते हयात असताना मिळालं. थापांच्या बाबतीत सरकारचीच गफलत झाली होती. १९६२ मध्ये पँगाँग तळ्याकाठच्या सिरिजापला ते पडले असं समजून पदक मरणोत्तर जाहीर झालं, मग ते चीनच्या कैदेत असल्याचं कळलं आणि १९६३ मध्ये परत आले. यादवांचं नावही १९९९ मध्ये आधी मरणोत्तर म्हणूनच बाहेर आलं होतं, त्याच नावाच्या दुसऱ्या जवानाशी गल्लत होऊन. जुन्या यादीवरून तक्ता बनवला की अशा चुका जिवंत राहतात.

परमेश्वरन यांच्यापुढे ‘मद्रास रेजिमेंट’ छापलंय, नाव तमिळ दिसलं म्हणून. ते ८ महारचे. महार रेजिमेंटचं केंद्र आपल्याच सागरला आहे, निदान मध्य प्रदेशात विकायच्या तक्त्यात तरी हे चुकायला नको होतं. तळाशी ‘दोन वेळा परमवीर मिळालेले’ असा रिकामा रकाना का ठेवलाय, कळत नाही. नियमात तशी सोय आहे खरी. पुन्हा तसंच शौर्य केलं तर दुसरं पदक न देता फितीवर एक पट्टी चढते. पण ती आजवर कुणालाच मिळालेली नाही.

देखाव्यासाठी घेणाऱ्या मंडळांना एक सूचना. फ्रेम भिंतीवर ठेवा, पदक काढून कुणाच्या छातीवर टोचू नका. नाटकातला पोशाख वेगळा, पण लोकांना खरा सैनिक वाटावा म्हणून गणवेश किंवा चिन्ह धारण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. वर्गणी मागायला पदक लावून फिरणारा ‘फौजी’ तर अजिबात नको.

दुरुस्ती अवघड नाही. मागच्या पात्या वाकवून पाटी काढा. पदकं गरम गोंदाने चिकटवलेली आहेत. केस वाळवायच्या यंत्राने मिनिटभर ऊब दिली की सुटतात, ओढू नका, मखमल फाटते. तोच गोंद मे महिन्यात उन्हाच्या खिडकीशेजारी आपोआप सुटतो आणि पदकं खाली गोळा होतात, ही या फ्रेमची ठरलेली तक्रार. सव्वा इंची जांभळी फीत महूच्या मेन स्ट्रीटवर फौजी कपडे शिवणाऱ्यांकडे विचारा. एका पदकाला चार इंच धरा, दुमडीसकट. गोंद टाळून जांभळ्या दोऱ्याने मखमलीतून मागच्या पुठ्ठ्यात चार टाके घाला, क्रम सुधारून घ्या, आणि फ्रेम ऊन येणार नाही अशा भिंतीवर लावा, कारण जांभळा रंग उन्हात लवकर विटतो. खाली तक्त्याऐवजी २१ नावं, रेजिमेंट, ठिकाण आणि तारीख असा स्वच्छ कागद छापून लावा. एवढी तयारी असेल तर २,२०० ला घ्या, नसेल तर १,५०० च्या वर देऊ नका.