खिडकीच्या चौकटीची फट : लांबीऐवजी अ‍ॅक्रिलिक सीलंट

ठाण्यातील आमच्या घराच्या खिडक्या अ‍ॅल्युमिनियमच्या, सरकत्या तावदानांच्या आहेत. चौकट आणि गिलावा यांच्यामधील फटीत रंगाऱ्याने दोनदा लांबी (पुट्टी) भरली आणि दोन्ही वेळा पुढचा उन्हाळा सरेपर्यंत तिला केसाएवढी चीर पडली. यात त्याच्या हाताचा दोष नव्हता. तापमान वाढले की अ‍ॅल्युमिनियम सिमेंटच्या गिलाव्याच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. दीड मीटरच्या चौकटीत २० अंशांच्या फरकाने हा फरक तीन-चार दशांश मिलिमीटर होतो आणि वाळून कडक झालेल्या लांबीला तेवढाही ताण सोसत नाही. म्हणून या वेळी ३०० मिलीच्या नळीत मिळणारे पांढरे अ‍ॅक्रिलिक सीलंट, म्हणजे फट बुजवण्याचा, वाळल्यावरही थोडा लवचीक राहणारा माल, वापरून पाहिले.

सिलिकॉन न घेण्याचे कारण सरळ आहे. सिलिकॉनवर भिंतीचा रंग बसत नाही. अ‍ॅक्रिलिकवर बसतो, शिवाय ओले असेपर्यंत ते पाण्याने पुसता येते. मात्र हा माल आतल्या बाजूसाठीच आहे. पाऊस बाहेरून चौकटीत शिरत असेल, तर बाहेरची फट बाहेरच्या हवेत टिकणाऱ्या सिलिकॉनने आधी बुजवावी. आतून सीलंट भरल्यास पाणी थांबत नाही, ते गिलाव्यात मुरून दुसरीकडे ओल दाखवते.

काम नीट होणे हे सीलंटपेक्षा पूर्वतयारीवर अधिक अवलंबून आहे, हे मला पहिल्याच खिडकीने शिकवले. जुनी लांबी पटाशीने खरवडली, पण कोपऱ्यातील धूळ ओल्या फडक्याने पुसण्याचा कंटाळा केला, आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात आठवड्याभरात सीलंटची कड नखाने उचलता येऊ लागली. दुसऱ्या खिडकीला फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावली, नळीचे टोक तिरके आणि फटीच्या रुंदीपेक्षा किंचित लहान कापले, एका दमात धार ओढली आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेले बोट एकदाच फिरवले. टेप मात्र ताबडतोब, ओले असतानाच ओढावी. एका बाजूची टेप फोन आल्यामुळे राहून गेली, तोवर वर साय धरली होती, आणि टेपेबरोबर सीलंटची पट्टीच करवतीच्या दात्यांसारखी फाटून आली.

नळीतून सीलंट दाबून बाहेर काढणाऱ्या गनविषयी एक सांगितले पाहिजे. मी घेतलेल्या स्वस्त गनमध्ये खटका सोडल्यावरही माल बाहेर येत राहतो, कारण दांड्याचा दाब तसाच राहतो. मागची पट्टी अंगठ्याने दाबून दांडा मोकळा केल्याशिवाय गन खाली ठेवली, की खिडकीच्या ग्रॅनाइटवर पांढरा गोळा तयार.

उत्पादनातील खरी उणीव म्हणजे आकुंचन. त्यातले पाणी उडून जात असल्याने काठोकाठ भरलेली धार दुसऱ्या दिवशी मधोमध खोलगट दिसते. पाच-सहा मिलिमीटरपर्यंतच्या फटीत हे खटकत नाही. त्याहून रुंद फटीत आधी फोमची गोल दोरी दाबून बसवावी आणि वर पातळ थर द्यावा, अन्यथा माल वाया जातो आणि मधोमध चीर पडते. सहा मिलिमीटर रुंद आणि तितक्याच खोल फटीला एक नळी साधारण आठ मीटर पुरते, म्हणजे पाच बाय चार फुटांची जेमतेम दीड खिडकी. दुकानदाराने एका नळीत तीन खिडक्या होतील असे सांगितले होते; ते पातळ धारेचेच गणित असणार.

रंग दुसऱ्या दिवशी दिला. भिंतीच्या इमल्शनखाली सांधा हात फिरवल्याशिवाय कळत नाही आणि मे महिन्यातील उन्हानंतरही चीर दिसलेली नाही. नैऋत्येची खिडकी मुद्दाम तशीच ठेवली आहे, कारण तिथे बाहेरून पाणी येते आणि इमारतीबाहेर झुल्यावर बसून काम करणारा माणूस मिळाल्याशिवाय आतून काही भरण्यात अर्थ नाही. उरलेल्या अर्ध्या नळीच्या तोंडात लांब स्क्रू घट्ट पिळून ठेवला आहे.