हॅमिल्टन ४९९२बी की जीएसटीपी? लष्करी खिशातलं घड्याळ घेताना

चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जुनं खिशातलं घड्याळ हातात घेतलं की 'नेव्हीचा माल आहे, एकदम ओरिजिनल' हे वाक्य ऐकू येणारच. जहाज किंवा विमान नेमकं कुठे आहे हे काढण्यासाठी बनलेलं घड्याळ त्यात क्वचितच निघतं. पहिलं लष्करी घड्याळ घेणाऱ्याचं घोडं बहुतेक वेळा दोन नावांपाशी अडतं: अमेरिकी हॅमिल्टन ४९९२बी आणि ब्रिटिश जीएसटीपी. परवडत असेल तर हॅमिल्टन घ्या, असं माझं मत. पण जीएसटीपी घेणारा फसला, असंही मी म्हणणार नाही.

हॅमिल्टन दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या नॅव्हिगेटरसाठी बनलं. काळी डायल, २२ ज्वेलचं (घर्षण कमी करणाऱ्या माणकांचं) मशीन, मधोमध लांब सेकंद काटा. डायल २४ तासांची, त्यामुळे तास काटा दिवसभरात एकच फेरी मारतो. ते ग्रीनिचच्या वेळेवर लावायचं. म्हणजे मुंबईत दुपारचे १२ वाजले की यात ६:३०. चावी (वरचं फिरवायचं डोकं) बाहेर ओढली की सेकंद काटा जागच्या जागी थांबतो. वेळेचा इशारा आला की चावी आत दाबायची, घड्याळ सेकंदाबरहुकूम सुरू. एवढा काटेकोरपणा कशासाठी? आकाशातल्या ताऱ्यांवरून रेखांश काढताना घड्याळ ४ सेकंद चुकलं, तर विषुववृत्तावर जागा एक सागरी मैल चुकते.

जीएसटीपी मात्र नॅव्हिगेशनचं घड्याळ नाहीच. ते ब्रिटिश सैन्यात सर्वसाधारण कामासाठी वाटलेलं. डायल १२ तासांची, छोटा सेकंद काटा सहाच्या जागी, मशीन बहुधा १५ ज्वेलचं. मागच्या झाकणावर रुंद बाणाची सरकारी खूण, जीएसटीपी ही अक्षरं आणि एक नंबर. भरपूर बनल्यामुळे ते हॅमिल्टनपेक्षा स्वस्तात मिळतं, आणि खिशातून काढल्याबरोबर वेळ कळते. चर्चगेट लोकलमध्ये उभ्याने २४ तासांची डायल वाचून त्यात साडेपाच तास मिळवत बसणं सगळ्यांना जमेल असं नाही.

खरा फरक पडतो तो घड्याळ उघडल्यावर. हॅमिल्टनचं मशीन त्याच कंपनीच्या ९९२बी या रेल्वे घड्याळावर बेतलेलं. ते रेल्वे घड्याळ १९४० ते १९६९ बनत होतं, त्यामुळे बरेच पार्ट एकमेकांना चालतात आणि अमेरिकेतून मागवताही येतात. जीएसटीपी एका कंपनीचं नाही. सायमा, डोक्सा, हेल्व्हेशिया, जेगर-लकूल्त्र अशा अनेकांनी ते पुरवलं. वरून सगळी सारखी, आत मशीन वेगवेगळं. सायमाचा बॅलन्स स्टाफ (डोलणाऱ्या चाकाची बारीक दांडी) मोडला तर सायमाचाच शोधावा लागतो. म्हणून जीएसटीपी घेताना आधी झाकण उघडून आत कोणाचं मशीन आहे ते बघा. दुकानदार कुरकुरला तर पुढच्या दुकानात जा.

मुंबईची हवा दोघांनाही मानवत नाही. जून ते सप्टेंबर दमटपणा चावीच्या दांडीपासून आत शिरतो आणि आतले पोलादी भाग गंजतात. हॅमिल्टनची हेअरस्प्रिंग (डोलणाऱ्या चाकाची केसासारखी बारीक स्प्रिंग) एलिनव्हार एक्स्ट्रा या मिश्रधातूची. ती सहसा गंजत नाही आणि उष्णतेने फारशी बिघडत नाही. तरी पावसाळाभर घड्याळ सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यातच ठेवा.

आता डायल. जगभरचे संग्राहक नव्याने रंगवलेल्या डायलच्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं व्हावं हे झोंबतं, पण आरोप अगदीच खोटा नाही. भिंगाखाली बघा: अक्षरं जाड, मिनिटांच्या रेघा कुठे जवळ कुठे लांब, छोट्या सेकंदाच्या वर्तुळाच्या कडेवर रंग साचलेला. असं दिसलं तर किंमत निम्मी करून मागा किंवा सोडून द्या. जीएसटीपीच्या अनेक डायलवर आणि काट्यांवर अंधारात चमकण्यासाठी लावलेला रेडियमचा किरणोत्सर्गी रंग असतो. आता तो चमकत नसला तरी रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. मेलेली असते ती चमक, किरणोत्सर्ग नाही. तो रंग खरवडू नका, फुंकर मारू नका, आणि उघडायला देताना घड्याळजींना आधी सांगा. हॅमिल्टनचे आकडे साध्या पांढऱ्या रंगाचे, तिथे ही भानगड नाही.

सर्व्हिसिंगला देताना एकच विचारा: मशीन पूर्ण खोलणार, की न खोलता तसंच पेट्रोलमध्ये बुडवून वर तेल टाकणार? दुसरं उत्तर आलं तर घड्याळ परत घ्या, वाळलेलं जुनं तेल तसं निघत नाही. पूर्ण खोलून साफ केल्यावर टायमिंग मशीनवर (घड्याळ किती पुढे-मागे पडतं ते दाखवणाऱ्या यंत्रावर) वेगवेगळ्या बाजूंनी ठेवून वेळ तपासून दाखवायला सांगा. हॅमिल्टन सहा स्थितींत जुळवलेलं असतं, तिथे फरक मोठा दिसला तर काम अर्धवट झालंय. जीएसटीपीकडून तेवढी अपेक्षा करू नका.

पाठीवर जहाज किंवा नांगर कोरलेलं, छोटा सेकंद काटा नऊच्या जागी असलेलं रशियन मोल्नियाही कुणी नेव्हीचं म्हणून पुढे करील. १८ ज्वेलचं मशीन दणकट आहे, शिकायला उत्तम. पैसे मात्र मोल्नियाचेच द्या.