तापकीर गल्लीत बाबांच्या फोनची बॅटरी बदलली, त्याचा सविस्तर अनुभव

बाबांचा फोन 2020 च्या दिवाळीत मीच घेऊन दिलेला. 6 जीबी रॅम, 128 जीबी स्टोरेज, 5000 एमएएच बॅटरी, हेडफोन जॅक, सगळं नीट. गेल्या वर्षापासून मात्र दुपारी दोनलाच मान टाकायला लागला आणि त्याहून वाईट म्हणजे 34 टक्के दाखवत असताना अचानक बंद पडायचा. एकदा बाबा सातारा स्टँडवर आणि फोन बंद, आईने मला पुण्यात फोन करून करून हैराण केलं, त्या दिवशी ठरवलं की आता हे लांबवायचं नाही.

सगळे म्हणाले नवीन घेऊन टाक. बाबा म्हणाले, "मला यातलं सगळं हाताखालचं झालंय गं, परत पहिल्यापासून शिकायला लावू नकोस." मला त्यांचं पटलं, कारण फोनला काहीच झालं नव्हतं, म्हातारी झाली होती ती फक्त बॅटरी. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, लिथियम बॅटरी सगळ्यांचीच म्हातारी होते. वय झालं की बॅटरीचा आतला रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) वाढतो, मग कॅमेरा उघडला किंवा व्हिडिओ कॉल लागला की व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. टक्के असून बंद पडतो तो यामुळेच, लोक उगाच फोन रिसेट मारत बसतात.

याआधी एकदा फसले आहे ते पण सांगते. माझ्या जुन्या फोनला घराजवळच्या एका टपरीवर 600 रुपयांत बॅटरी टाकून घेतली होती, चार महिन्यांत फुगली, मागचं पॅनल उचललं गेलं. त्यामुळे यावेळी आधी चार ठिकाणी विचारलं, आणि ओळखीतल्या एका इलेक्ट्रिशियन काकांनी बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतलं हे दुकान सांगितलं. दुकान म्हणजे जेमतेम एक टेबल, एक भिंग, एक हीटिंग प्लेट आणि दोन माणसं. गाडी नेऊ नका, पार्किंगचं नाव काढायचं नाही, मी मंडई मेट्रोला उतरून चालत गेले.

दादांनी फोन हातात घेतल्यावर पहिलं वाक्य काय म्हणाले असतील? "ताई, बॅकअप घेतलाय ना?" मला तिथेच बरं वाटलं. मी घेतला होता. तुम्ही पण घ्या, आणि फोनमध्ये मेंटेनन्स मोड किंवा रिपेअर मोड असेल (सॅमसंग आणि पिक्सेलच्या बऱ्याच फोनमध्ये आहे) तर तो चालू करूनच फोन द्या, म्हणजे फोटो मेसेज काही दिसत नाही. बाबांच्या फोनला ती सोय नाही म्हणून मी तिथेच समोर बसून राहिले, त्यांनी पण काही कुरकुर केली नाही.

मग त्यांनी तीन बॅटऱ्या समोर ठेवल्या आणि मी जे घरून ठरवून गेले होते ते सगळं बघितलं. एक, लेबलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) मार्क आणि आर ने सुरू होणारा नंबर आहे का, तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तिथल्या तिथे तपासता येतो. दोन, हिशोब जुळतो का, म्हणजे 5000 एमएएच आणि 3.85 व्होल्ट असेल तर गुणाकार करून हजाराने भागल्यावर 19.25 वॅट-अवर (बॅटरीत मावणारी ऊर्जा) यायला पाहिजे, एकीवर तेवढ्याच आकारात 6500 छापलं होतं आणि वॅट-अवर मात्र जुनेच, ती लगेच बाजूला सारली. तीन, बनवल्याची तारीख, कारण बॅटरी नुसती पडून पण जुनी होते. दादांनी न सांगता मीटर लावून दाखवला, 3.8 व्होल्टच्या आसपास आलं, ते म्हणाले तीनच्या खाली गेलेली बॅटरी मी टाकतच नाही. हा माणूस मनापासून काम करतो हे मला तिथे कळलं.

काम बघायला खरंच मजा आली. आधी सिम ट्रे काढला, फोन बंद करून प्लेटवर पाच-सात मिनिटं तापवला, मग कडेने पातळ प्लास्टिकचा पिक फिरवत फिरवत बॅक पॅनल सोडवलं, कुठेही जोर नाही. स्क्रू काढून एका चुंबकाच्या पट्टीवर जिथून काढले त्याच क्रमाने लावत गेले. सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला आणि मगच बाकीच्याला हात लावला. जुनी बॅटरी मधोमध थोडी फुगली होती, बोट फिरवलं तर जाणवत होतं. खालचा गम घट्ट धरून बसलेला, तेव्हा त्यांनी धातूचं काही आत घातलं नाही, कडेने आयपीएचे (आयसोप्रोपिल अल्कोहोल, गम सैल करायला) चार थेंब सोडले, दोन मिनिटं थांबले आणि प्लास्टिकच्या कार्डाने अलगद उचलली. फुगलेल्या बॅटरीला टोकदार काही लागलं तर आग लागू शकते, म्हणून घरी यूट्यूब बघून हे करू नका, माझं कळकळीचं सांगणं आहे. शेवटी बी-7000 गम लावून रबरबँडने पॅनल आवळून ठेवलं. एकूण पन्नास मिनिटं आणि बॅटरी मजुरी धरून 1350 रुपये, सहा महिन्यांची वॉरंटी. तुमचा फोन वॉटर रेझिस्टंट असेल तर एकदा उघडल्यावर त्या सीलचा भरवसा नाही, हे पण त्यांनी आपणहून सांगितलं.

आता दीड महिना झाला. आधी स्क्रीन जेमतेम अडीच तास चालायची, आता सात तास चालते आणि एकदाही अचानक बंद पडला नाही. बाबांना दोनच गोष्टी सांगितल्यात, रात्री उशीखाली ठेवून चार्जिंग नको आणि रोज शंभरपर्यंत भरायची गरज नाही, ऐंशीच्या आसपास काढला तरी चालेल. बॅटरीला सगळ्यात जास्त खाते ती उष्णता, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन म्हणजे बॅटरीचं आयुष्य डोळ्यादेखत कमी करणं. आणि बॅटरीचं आयुष्य ज्या चार्ज सायकलमध्ये मोजतात ती सायकल म्हणजे चार्जरला लावण्याची संख्या नाही, आज पन्नास टक्के वापरली उद्या पन्नास तर मिळून एक सायकल. ॲपल आयफोन 14 पर्यंत 500 सायकलला आणि 15 पासून 1000 सायकलला 80 टक्के क्षमता उरेल असं सांगते, युरोपने तर जून 2025 पासून फोनसाठी 800 सायकलला 80 टक्के ही अटच घातलीय. आपल्याकडे केंद्र सरकारचं राइट टू रिपेअर (वस्तू दुरुस्त करून घेण्याचा हक्क) पोर्टल डिसेंबर 2022 पासून आहे, पण तशी सक्तीची अट आपल्याकडे पण यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

प्रत्येक फोनवर मात्र हा खर्च करू नका. 3 जीबी रॅम, 32 जीबी स्टोरेज आणि सिक्युरिटी अपडेट कधीच बंद झालेले असतील आणि त्यावर तुम्ही बँकेचे व्यवहार करत असाल तर ते पैसे नव्या फोनमध्ये घाला. बाबांचं यूपीआय मी आईच्या फोनवर हलवलंय, यांच्या फोनवर फक्त कॉल, व्हॉट्सॲप आणि भजनं.

जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, दादांकडे वेगळा डबा आहे, ई-कचरावाले घेऊन जातात.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा एवढ्यासाठी कापला की पावतीवर बॅटरीचा नंबर मला मागून लिहून घ्यावा लागला, वॉरंटी मागायला जाल तेव्हा तोच नंबर लागणार आहे, तुम्ही गेलात तर आधीच सांगा.