निबंध तपासताना: एकूण छाप की निकषांचा तक्ता?

अंबाजोगाईच्या एका नव्या शिक्षिकेने विचारलं, "सर, अकरावीचे साठ विश्लेषणात्मक निबंध आहेत. वाचून एकदम गुण देऊ, की निकषांचा तक्ता करू?" मी दोन्ही केलंय.

वेळेच्या बाबतीत पहिली पद्धत, म्हणजे वाचून एकूण छापेवर गुण देणं, सोपी. तक्त्याला जवळपास दुप्पट वेळ लागतो.

न्यायाचं तसं नाही. मी दुष्काळावर निबंध दिला होता. एकाने मोत्यासारख्या अक्षरात २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने आलेल्या पाण्याचं वर्णन केलं. माझे डोळे भरून आले, २० पैकी १६ दिले. एका मुलीने गिचमिड अक्षरात लिहिलं, "पाऊस कमी पडला हे खरं, पण ऊस कुणी लावला?" पुढे ऊस, कारखाना, बोअर अशी साखळी नीट जोडली होती. तिला ११. नंतर दावा, पुरावा, कारणमीमांसा, मांडणी, भाषा असा तक्ता लावला आणि क्रम उलटला. त्याच्या निबंधात दावाच नव्हता! त्या मुलीचं मला अजून वाईट वाटतं.

शिवाय '११' वाचून तिला काय कळणार? 'पुरावा ४ पैकी ३, भाषा ४ पैकी १' म्हटलं की पुढे काय करायचं ते कळतं.

तक्त्यातही खोट आहे. मुलं रकान्यापुरतं लिहायला लागतात, 'दुसरी बाजू' म्हणून एक ओळ चिकटवतात. म्हणून २ गुण कुठल्याच रकान्याला न बांधता, एकूण विचारासाठी मोकळे ठेवा.

आठवड्याचा सराव किंवा स्पर्धेची पहिली चाळणी असेल तर एकूण छाप पुरे. गुण निकालात धरायचे असतील, किंवा दोघं मिळून गठ्ठा तपासणार असाल, तर तक्ताच घ्या, मॅडम.