ग्रीन क्रीकचे लांडगे : सात महिने, चार भाग आणि एक सुटलेली बांधणी

परवा चौथा भाग संपला. पहिल्यातलं एक पान पुन्हा बघावं म्हणून पुस्तक उघडलं, तर मधली चाळीसेक पानं सरळ मांडीवर आली. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, बदलून घ्यायची मुदत संपली. पुस्तक वाचायलाच महिना लागतो, तर बांधणीची परीक्षा मुदतीत कशी व्हायची? असो. राग ताजा आहे, तेवढा वजा करून वाचा.

टी. जे. क्लूनची ही मालिका, 'वुल्फसाँग' (2016) ते 'ब्रदरसाँग' (2020), मधे 'रेव्हनसाँग' आणि 'हार्टसाँग'. ऑरेगनमधलं आडगाव, बेनेट कुटुंबाचा माणूस-लांडग्यांचा कळप, पुरुषांची एकमेकांवरची प्रेमं, हे सगळं तुम्हाला ठाऊक असणारच. 2023 पासून टॉर या प्रकाशनाने नव्याने छापली, तेव्हाच मी तिच्याकडे वळले.

माझी मुख्य तक्रार कोऱ्या कागदाची. हा लेखक तीन शब्द लिहितो आणि ओळ तोडतो. पुढच्या ओळीत दोन शब्द. मग एकच. पाऊण पान पांढरं! आपण पैसे मोजतो ते छापलेल्या पानाचे. एका रविवारी मी चक्क पेन्सिल घेऊन खुणा केल्या, मग स्वतःचीच लाज वाटून थांबले. त्यात पुन्हा पुन्हा तेच. पहिल्या भागाचा नायक ऑक्स, त्याच्या अंगाला येणारा पेपरमिंटच्या गोळ्यांचा आणि पाइनच्या बोंडांचा वास किती वेळा यावा? बेनेटांच्या छोट्या जोने तो पहिल्या भेटीत सांगितला तेव्हा गोड वाटला. नंतर नंतर मलाच शिंका यायच्या बाकी राहिल्या.

पहिल्या भागानंतर मी इथे दोन तारे देणार होते. मग घरकाम करताना कर्ट ग्रेव्हजच्या आवाजातलं ऑडिओबुक लावलं आणि मत फिरलं. कानाने ऐकलं की ते परत परत येणं ध्रुवपदासारखं लागतं. नावातच 'साँग' आहे हे मला उशिरा उमगलं. शिवाय गोष्ट सांगणारा ऑक्स. बाप सोडून जाताना 'लोक तुला त्रास देतील' असं बजावून गेलेला, शब्द जपून वापरणारा पोरगा. तो तुटकच बोलणार.

पण मग दुसऱ्या भागात गॉर्डो गोष्ट सांगतो, तोही असाच? चाळिशीकडे झुकलेला, शिवराळ, गॅरेज चालवणारा जादूगार! पुढच्या दोन भागांत गोष्ट सांगणारे रॉबी आणि कार्टरही तसेच. म्हणजे ती ऑक्सची नव्हे, लेखकाचीच खोड. माफी निम्मी परत घेते.

ऑक्स आणि जो या जोडीच्या वयाच्या फरकावरून वाचकांत दोन तट आहेत. भेटतात तेव्हा ऑक्स सोळाचा, जो दहाचा. जो मोठा झाल्यावरच प्रेम सुरू होतं, हे खरं. तरी जो लहानपणीच ऑक्सच्या हातात एक दगडी लांडगा देतो, त्याचा अर्थ घरच्या मोठ्यांना माहीत, आणि ऑक्सला मात्र नाही. आपल्याकडे याला पाळण्याला बाशिंग बांधणं म्हणतात. मी अडखळले, आणि दुसऱ्यांदा ऐकतानाही तिथेच अडखळले.

आवडलं ते त्या लांडग्यांचं 'दावं'. माणूसपण सुटू नये म्हणून प्रत्येक लांडग्याला कशाला तरी, बहुधा कुणाला तरी, बांधून घ्यावं लागतं. इंग्रजी शब्द वेगळा आहे, पण माझ्या डोक्यात गोठ्यातलं दावंच आलं आणि ते इतकं चपखल बसलं की पुढे दुसरं काही सुचेना. गॉर्डोला पोरवयात मागे टाकून कळप निघून जातो, तेव्हा ते दावं कापल्याची कळ लागते. म्हणून माझ्या लेखी 'रेव्हनसाँग' सर्वांत वरचं. गॉर्डोचं आणि मार्क बेनेटचं प्रेम वर्षानुवर्षं कुढलेलं आहे. दोघे अबोला धरून एकमेकांवर डोळा ठेवतात, ते थेट जुन्या वाड्यातल्या भाऊबंदकीसारखं. आणि मुलाने मुलावर प्रेम केलं म्हणून त्या घरात आभाळ कोसळत नाही. भांडणं आहेत ती कळप कुणाचा, कोण सोडून गेलं, का गेलं, यावरून.

'हार्टसाँग'मध्ये स्मृती गेल्याची भानगड मला लांबलेली वाटली. 'ब्रदरसाँग' बरं आहे, पण आधीचे तीन वाचल्याशिवाय हातात घेऊ नका, काही कळणार नाही.

आता तारे चार. अर्धा बांधणीपायी कापला, अर्धा कोऱ्या कागदापायी. पहिला भाग बाइंडरकडे टाकलाय. तो शिवायचे 120 मागतोय, मी 80 वर अडून बसलेय.